राल्फ बंच : टोगोच्या दप्तरांपासून ऱ्होड्सच्या करारापर्यंत

संयुक्त राष्ट्रांचे अमेरिकन मुत्सद्दी राल्फ बंच यांचं नाव निघालं की १९५० चं नोबेल शांतता पारितोषिक आठवतं आणि बोलणं बहुधा तिथेच थांबतं. हे पारितोषिक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. गोष्ट मोठीच आहे. पण १९४९ साली ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर इस्राएल आणि अरब देशांत शस्त्रसंधी घडवताना त्यांनी नेमकं काय केलं आणि ते त्यांनाच का साधलं, हे समजून घ्यायचं तर पंधरा वर्षं मागे, त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधाकडे जावं लागतं. माझं मत असं की बंच शेवटपर्यंत संशोधकच राहिले. फक्त त्यांच्या टिपणांवर पुढे पुढे सैन्यं हलू लागली.

बंच हे डेट्रॉइटमधल्या एका न्हाव्याचे चिरंजीव. आई लवकर गेली, वडील दुरावले, आणि लॉस एंजेलिसमध्ये आजीने वाढवलं. तिथल्या विद्यापीठातून, म्हणजे आजच्या यूसीएलएमधून, १९२७ साली ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. पुढच्या वर्षी हार्वर्डची एमए. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग उभारायला गेले. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ आणि वॉशिंग्टन हे तेव्हा वर्णभेदाचे नियम काटेकोर पाळणारं शहर. ही दुसरी बाब पुढे एका निर्णयात महत्त्वाची ठरली.

प्रबंधाचा विषय होता टोगोलँड आणि दाहोमी इथला फ्रेंच कारभार. शेजारी शेजारी असलेले पश्चिम आफ्रिकेतले हे दोन प्रदेश, दोन्हींवर फ्रेंचांची सत्ता. फरक कागदावरचा. दाहोमी ही सरळसरळ वसाहत होती. टोगोलँड मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीकडे होतं आणि नंतर राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, त्याचा मोठा भाग ‘मँडेट’ म्हणून फ्रान्सच्या हाती दिला होता. मँडेट म्हणजे मालकी नाही, जबाबदारी. तिथल्या लोकांचं हित पाहायचं आणि दरवर्षी जिनिव्हाला, राष्ट्रसंघाच्या मुख्यालयाला, अहवाल द्यायचा. बंच यांचा प्रश्न साधा होता : या जबाबदारीमुळे टोगोतल्या माणसाच्या आयुष्यात काही फरक पडतो का?

उत्तर शोधायला ते १९३२ साली स्वतः तिकडे गेले. कायदा काय म्हणतो ते पॅरिस आणि जिनिव्हाच्या दप्तरांत सापडतं. कर कोण वसूल करतो, सक्तीची मजुरी कशी लावली जाते, शाळेत किती मुलं जातात, हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलापाशीच कळतं. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की फरक पडतो तो फार थोडा. दोन्हीकडे अधिकारी एकाच खात्यातले, शिकवण एकच, आणि कारभाराचं केंद्र पॅरिस. १९३४ साली या प्रबंधावर हार्वर्डने पीएचडी दिली, शिवाय त्या वर्षीच्या उत्तम प्रबंधासाठीचं टोपन पारितोषिकही. अमेरिकेत राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

मँडेट पद्धत कुठे गळत होती, हे त्यामुळे त्यांना तपशिलाने ठाऊक होतं. जिनिव्हाच्या मँडेट आयोगाला प्रदेशात जाऊन पाहता येत नसे. माहितीचा मुख्य झरा म्हणजे राज्यकर्त्या देशाचा स्वतःचाच अहवाल. आणि लोकांनी तक्रारअर्ज केला तरी तो जिनिव्हाला पोचायचा त्याच राज्यकर्त्यांमार्फत. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच हातात टपाल.

प्रबंधानंतर बहुतेक प्राध्यापक पुस्तक काढतात. बंच यांनी वेगळं केलं : १९३६ ते ३८ मध्ये ते मानववंशशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले. नॉर्थवेस्टर्नला हर्सकोविट्स, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मालिनोव्स्की, केपटाउनला शापेरा. लंडनमध्ये त्यांनी स्वाहिलीचे धडे घेतले, आणि शिकवणारे होते जोमो केन्याटा, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. राज्यशास्त्र माणसाला घटना आणि संस्था वाचायला शिकवतं. समोरचा माणूस कुणापुढे काय बोलतो, चारचौघांत काय आणि एकट्यात काय, गप्प केव्हा बसतो, हे कान उघडे ठेवून टिपायची सवय मानववंशशास्त्र लावतं. ऱ्होड्सवर ही दुसरी विद्या जास्त उपयोगी पडली असं मला वाटतं. मधल्या काळात, १९३८ ते ४० मध्ये, स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिरडाल यांच्या अमेरिकेतील वर्णप्रश्नावरच्या मोठ्या अभ्यासात त्यांनी दक्षिणेतल्या राज्यांत मुलाखती घेणाऱ्यांची फळी चालवली आणि टिपणांची हजारो पानं लिहून काढली.

१९४१ मध्ये सरकारी गुप्तवार्ता खात्याला आफ्रिका जाणणारा माणूस हवा होता. तिथून १९४४ साली परराष्ट्र खात्यात, आणि १९४५ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या मसुद्यावर. अमेरिकन शिष्टमंडळात त्यांचं पद ‘तज्ज्ञ’ म्हणजे मागच्या रांगेतलं. पण वसाहतींसंबंधीच्या अकरा, बारा आणि तेरा या प्रकरणांच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. मँडेटची जागा आता ‘विश्वस्त’ व्यवस्था घेणार होती. सनदेचं ८७ वं कलम काढून प्रबंधाशेजारी ठेवावं. आमसभा आणि विश्वस्त मंडळ अहवाल तपासतील. अर्ज थेट स्वीकारतील. आणि विश्वस्त प्रदेशांना ठरावीक काळाने भेटी देतील. ८८ व्या कलमात प्रश्नावलीची तरतूद आहे, म्हणजे अहवालात काय सांगायचं हे राज्यकर्ता देश एकटा ठरवणार नाही. जिनिव्हाच्या यंत्रणेत जी भोकं होती, तिथेच ही ठिगळं बसली आहेत.

पण राजनयात मिळतं ते अर्धंच, हेही त्याच कलमांत दिसतं. भेटी द्यायच्या, पण वेळ राज्यकर्त्या देशाच्या संमतीने. अर्ज तपासायचे, पण त्याच देशाशी सल्लामसलत करून. पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन आरमाराची नजर होती, म्हणून ‘सामरिक प्रदेश’ नावाचा वेगळा वर्ग निघाला. आणि जुना मँडेट नव्या व्यवस्थेत आणायचा की नाही हे करारावर, म्हणजे मर्जीवर राहिलं. दक्षिण आफ्रिकेने नेमका याचाच फायदा घेऊन नैऋत्य आफ्रिका, आजचं नामिबिया, विश्वस्त व्यवस्थेत आणायचं नाकारलं. १९४६ च्या आमसभेत तो प्रदेश गिळू पाहणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला विरोध करणाऱ्यांत भारत पुढे होता. बंच त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात विश्वस्त विभागाचे प्रमुख झाले. ज्या टोगोवर त्यांनी प्रबंध लिहिला, तो फ्रेंच टोगोलँड २७ एप्रिल १९६० रोजी स्वतंत्र झाला. दाहोमी, आजचं बेनिन, त्याच वर्षी १ ऑगस्टला.

पॅलेस्टाइन त्यांच्याकडे अनपेक्षितपणे आलं. १९४७ साली अकरा देशांची चौकशी समिती नेमली गेली. भारतातर्फे तीत सर अब्दुर रहमान होते. बंच समितीच्या सचिवालयात. समितीत फूट पडली : बहुमताला फाळणी हवी होती, आणि भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांच्या अल्पमताला संघराज्य. दोन्ही अहवालांच्या लेखनात बंच यांचाच हात होता. ज्याला दोन विरुद्ध भूमिका प्रत्येकी तिच्या बाजूने नीट मांडता येतात, त्याला पुढे त्यांच्यातली फट कुठे आहे हे दिसतं. वर्गात वादविवाद शिकवणाऱ्या माणसाची ही कमाई.

मे १९४८ मध्ये इस्राएल आणि अरब देशांत युद्ध पेटलं आणि स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडोट मध्यस्थ म्हणून आले. बंच त्यांचे सहायक. १७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये बर्नाडोट यांची हत्या झाली. बंच यांना त्या दिवशी पोचायला उशीर झाला होता. त्यांच्या जागेवर बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही मारले गेले. सुरक्षा परिषदेने बंच यांना हंगामी मध्यस्थ केलं.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. तोवर जे होतं ते युद्धतहकुबी, म्हणजे सुरक्षा परिषदेने बाहेरून बजावलेला हुकूम. हुकूम मोडला की दोन्ही बाजू परिषदेकडे बोट दाखवतात. शस्त्रसंधी हा दोन सैन्यांनी आपसांत केलेला करार. त्याच्यावर सही असते, नकाशा असतो, आणि मोडणाऱ्याचं नाव सांगता येतं. १६ नोव्हेंबर १९४८ चा ६२ क्रमांकाचा ठराव हा या दुसऱ्या टप्प्याकडे न्यायला होता.

१३ जानेवारी १९४९ ला ऱ्होड्स बेटावरच्या ओतेल दे रोझमध्ये इजिप्त आणि इस्राएल यांची बोलणी सुरू झाली. अरब देशांशी एकत्र बोलायचंच नाही, एकेकाशी वेगळा करार करायचा, आणि सुरुवात सगळ्यांत मोठ्यापासून, ही आखणी होती. चार अरब देश एका खोलीत बसले असते तर एकमेकांपुढे कुणालाच माघार घेता आली नसती. इजिप्तने सही केल्यावर बाकीच्यांना ती वाट मोकळी होणार होती.

रोजच्या कामाला तीन पायऱ्या होत्या. आधी बंच प्रत्येक शिष्टमंडळाशी त्याच्या खोलीत वेगळे बोलत. मग दोन्हीकडच्या मोजक्या माणसांची अनौपचारिक गाठ. आणि औपचारिक संयुक्त बैठक फक्त जे आधीच ठरलंय ते नोंदवायला. संयुक्त बैठकीत वाद घालायला बसवलं की माणूस समोरच्याशी बोलतच नाही, आपल्या राजधानीसाठी भाषण करतो. इजिप्तचे प्रतिनिधी सुरुवातीला इस्राएलींना उद्देशून बोलायलाही तयार नव्हते. जे बोलायचं ते मध्यस्थाकडे पाहून. त्यांना बंच यांनी सर्वांत आधी सही करायला लावली ती कार्यक्रमपत्रिकेवर. मग बळाचा वापर करणार नाही अशा सर्वसाधारण तत्त्वांवर. कुणाचंच काही जात नाही अशा कागदांवर. एका खोलीत बसायची आणि एका कागदाखाली नाव लिहायची सवय झाली, मगच नकाशा उलगडला.

दुसरी युक्ती शब्दांची. शस्त्रसंधीची रेषा कोणत्याही अर्थाने राजकीय किंवा प्रादेशिक सीमा मानली जाणार नाही, असं करारात स्पष्ट लिहिलं गेलं. या एका वाक्यामुळे दोघांनाही मायदेशी जाऊन सांगता येत होतं की आम्ही जमीन सोडलेली नाही. करार कायमच्या तोडग्याचा नाही, फक्त सैन्यांचा आहे. शिवाय, तो सही होताच अमलात येईल, त्याला संसदेच्या मंजुरीची गरज नाही, हेही त्यातच. मंजुरीसाठी महिनाभर गेला असता तर करार वर्तमानपत्रांतच मेला असता.

खरी अडचण दोन ठिकाणांची. फालुजाजवळ इजिप्तची एक आख्खी ब्रिगेड वेढ्यात अडकली होती, तिच्यात मेजर गमाल अब्देल नासर, पुढे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष. इजिप्तसाठी ती इभ्रतीची गोष्ट आणि इस्राएलसाठी हातातलं प्यादं. आणि सीमेवरचं अल-औजा, जिथून सिनाईकडे रस्ते फुटतात. दोघांनाही ते हवं. बंच यांनी ते कुणालाच दिलं नाही : तो पट्टा लष्करमुक्त केला आणि कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या संयुक्त आयोगाचं मुख्यालय तिथेच ठेवलं. आयोगाची रचनाही पाहण्यासारखी आहे. सात सदस्य, दोन्ही बाजूंचे तीन-तीन, आणि अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांचा. मत सम झालं की निर्णय तिसऱ्याच्या हाती.

बोलणी तुटायला आली की बंच शिष्टमंडळांना झोपू देत नसत, पहाटेपर्यंत बसवत. मध्ये बिलियर्ड्सही होई. स्थानिक कारागिरांकडून त्यांनी ‘ऱ्होड्स शस्त्रसंधी’ असं लिहिलेल्या मातीच्या नक्षीदार थाळ्या आधीच करवून ठेवल्या होत्या. करार झाला तर प्रत्येकाला एक भेट, नाही झाला तर तुमच्याच डोक्यावर फोडीन, असं ते म्हणाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. २४ फेब्रुवारीला सही झाली, आणि दोन दिवसांनी फालुजाची ब्रिगेड बाहेर पडायला सुरुवात झाली. इजिप्तच्या कराराचा साचा पुढे वापरला गेला : लेबनॉन २३ मार्च, जॉर्डन ३ एप्रिल, सीरिया २० जुलै. इराकने सहीच केली नाही, नुसतं सैन्य काढून घेतलं.

आता काय बिघडलं तेही सांगायला हवं. जॉर्डनबरोबरचं खरं बोलणं ऱ्होड्सवर झालंच नाही. ते राजे अब्दुल्ला यांच्या शुने इथल्या राजवाड्यात गुपचूप झालं, आणि ऱ्होड्सवर त्यावर शिक्का बसला. जेरुसलेममधली रेषा तर त्याही आधीची. ३० नोव्हेंबर १९४८ ला इस्राएलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या सेनाधिकाऱ्यांनी स्थानिक युद्धतहकुबीसाठी १ : २०,००० च्या नकाशावर जाड मेणपेन्सिलीने रेघा ओढल्या. रेघेची जाडी तीन ते चार मिलिमीटर. वीस हजाराने गुणा : जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. म्हणजे रेघेच्या पोटात घरं, गल्ल्या, रस्ते. रेघेची बाहेरची कड धरायची की आतली, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. तात्पुरती म्हणून ओढलेली रेघ १९ वर्षं टिकली. नकाशाचं प्रमाण आणि पेन्सिलीची जाडी करारात लिहायला हवी, हा धडा त्यातून मिळतो.

सीरियाच्या करारात वेगळी चूक आहे. सीरियन सैन्याने सोडलेला पट्टा लष्करमुक्त केला, पण त्यावर सार्वभौमत्व कुणाचं हे मुद्दाम मोघम ठेवलं. जून १९४९ मध्ये बंच यांनी पत्र लिहून खुलासा केला की कारभार स्थानिक पातळीवर चालेल, मालकीचा प्रश्न आत्ता उपस्थित करायचा नाही. सही मिळवायला ही मोघमता लागलीच. पण १९५१ साली इस्राएलने हुला दलदलीचं पाणी काढायचं काम सुरू केलं आणि ‘हे तुम्हाला करता येतं का’ हा टाळलेला प्रश्न गोळीबारासकट परत आला. सीमेचा प्रश्न पुढे ढकलणारं वाक्य इजिप्तच्या वाळवंटात चाललं, कारण तिथे कुणी नांगर धरत नव्हतं. शेतीच्या जमिनीवर तेच वाक्य चालत नाही.

नोबेल जाहीर झालं तेव्हा बंच ते नाकारायच्या विचारात होते. संयुक्त राष्ट्रांत काम करतो ते बक्षिसासाठी नाही, ही भूमिका. महासचिव त्रिग्वे ली यांनी स्वीकारायला लावलं. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी परराष्ट्र खात्यातलं साहाय्यक मंत्र्याचं पद देऊ केलं होतं. ते मात्र त्यांनी नाकारलंच. वॉशिंग्टनमधल्या वर्णभेदात मुलांना पुन्हा वाढवायचं नाही, हे कारण त्यांनी लपवलं नाही. आणि १९५४ मध्ये, नोबेल मिळून चार वर्षं झाल्यावर, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांच्याच देशाच्या निष्ठा-चौकशी मंडळापुढे तीसच्या दशकातल्या लेखांची आणि ओळखींची सफाई द्यावी लागली. निर्दोष ठरले.

१९५६ च्या सुवेझ संकटात संयुक्त राष्ट्रांचं पहिलं सशस्त्र शांतिदल उभारायचं काम त्यांच्याकडे आलं. ठराव नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिली तुकडी १५ नोव्हेंबरला इजिप्तमध्ये. निळ्या टोप्या शिवून यायला आठवडे लागले असते, म्हणून युरोपातल्या अमेरिकन साठ्यातली प्लास्टिकची शिरस्त्राणं निळ्या रंगाने फवारली. निळं हेल्मेट ते असं आलं. बड्या पाच देशांचे सैनिक घ्यायचे नाहीत, हा नियम तेव्हाचा. कॅनडाची ‘क्वीन्स ओन रायफल्स’ निघायच्या बेतात होती, पण नाव आणि गणवेश दोन्ही ब्रिटिश वाटणारे, आणि इजिप्तवर नुकताच ब्रिटिशांचा हल्ला झालेला. कॅनडाकडून त्याऐवजी पुरवठा आणि दळणवळणाची माणसं घेतली. भारताची पलटण या दलात सुरुवातीपासून होती. दलाची कमजोरीही पहिल्या दिवसाचीच : इस्राएलने आपल्या बाजूला ते ठेवू दिलं नाही, म्हणून ते फक्त इजिप्तच्या भूमीवर, इजिप्तच्या संमतीने उभं. मे १९६७ मध्ये इजिप्तने ती संमती काढून घेतली तेव्हा दलाचे सेनापती भारताचे मेजर जनरल इंदरजित रिख्ये होते. दल निघायच्या आतच जूनचं युद्ध सुरू झालं आणि भारतीय जवान त्यात मारले गेले.

काँगोत १९६० साली बंच यांची पद्धत अडखळली. तिथे सही करायला दोन ठाम बाजूच नव्हत्या. सैन्य बंडात, सरकार फुटलेलं, कटांगा प्रांत वेगळा झालेला. ४ ऑगस्टला ते कटांगात गेले, प्रतिकार होईल असं दिसल्यावर संयुक्त राष्ट्रांचं सैन्य पाठवणं थांबवायला लावलं, आणि पंतप्रधान लुमुंबा संतापले. थोड्याच दिवसांत महासचिव हामरशोल्ड स्वतः स्वीडिश तुकडी घेऊन तिथे उतरले. सप्टेंबरमध्ये बंच यांच्या जागी भारताचे राजेश्वर दयाळ आले.

शेवटचं मोठं काम बहारीनचं, आणि ते पुन्हा टोगोसारखं आहे. इराणचा त्या बेटांवर जुना दावा होता. शहांना लोकांचा कौल घेतल्याशिवाय दावा सोडता येत नव्हता, आणि बहारीनच्या राज्यकर्त्यांना सार्वमत नको होतं. मधुमेहाने बंच यांची दृष्टी जवळपास गेलेली असतानाही पडद्याआडची बोलणी त्यांनी चालवली. तोडगा असा : मतपेटी ठेवायची नाही, पण संयुक्त राष्ट्रांचा एक अधिकारी बेटांवर जाऊन संस्था, मंडळं, क्लब आणि सामान्य लोकांना विचारेल. मार्च १९७० च्या अखेरीस विटोरिओ विन्स्पेअर ग्विच्चार्दी तिथे गेले, सुमारे तीन आठवडे लोकांशी बोलले, अहवाल दिला. बहुतेकांना स्वतंत्र देश हवा होता. ११ मे १९७० ला सुरक्षा परिषदेने तो अहवाल एकमताने मान्य केला, इराणनेही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहारीन स्वतंत्र झालं. बंच त्याच वर्षी सेवेतून बाहेर पडले, आणि ९ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये वारले.